व्हर्नाच्या गाडीतला जॅकफिशचा बेत

व्हर्ना नाटोमागन गाडी चालवायला शिकली ती चाळिशी उलटल्यावर. तोवर तशी वेळच आली नव्हती. नवरा गेराल्ड खाणीवर कामाला. पंधरवडाभर तिकडे, पंधरवडाभर घरी. तो असला की गाडी तो हाकायचा, नसला की व्हर्ना आपली पायी दुकानात, पायी चर्चला, पायी बहिणीकडे. उत्तर सास्कॅचवानमधल्या त्यांच्या वस्तीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही, आणि वाटेत चार घरी चहा होतो.

मग तिच्या आईच्या किडन्या गेल्या. त्या दिवसांत डायलिसिसची सोय होती ती थेट दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात. रोज जाऊन येण्यासारखं ते अंतर नव्हे. सगळा जन्म पाण्याकाठी काढलेल्या म्हातारीला उचलून शहरातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत ठेवावं लागलं. ती तिथून फोन करायची.

"व्हर्ना, इथले मासे चौकोनी असतात गं. डोकं नाही, शेपटी नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात जन्माला येतात बहुतेक."

तिला जॅकफिश हवा होता. बाहेरचे लोक ज्याला पाईक म्हणतात तो: लांबोडका, हिरवट अंगावर पिवळे ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि त्यात सुयांची डबी सांडल्यासारखे दात. व्हर्नानं एक चांगला मोठा जॅकफिश बर्फात घालून, कागदात गुंडाळून, बसवाल्याच्या हाती दिला. बस वाटेत बंद पडली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "पोचला गं मासा! मी दार उघडायच्या आधीच मला कळलं. चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं." आणि म्हातारी खोकला येईपर्यंत हसत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात ती त्याच खोलीत वारली. व्हर्ना पोचली ती दुसऱ्या दिवशी, कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर बसून. त्याच वसंतात तिनं गेराल्डला सांगितलं, "मला गाडी शिकव." गेराल्ड ओरडला, व्हर्ना त्याच्या दुप्पट ओरडली, दोनदा गाडी खड्ड्यात गेली, पण शिकली. काही वर्षांनी दोन तासांच्या अंतरावरच्या गावात डायलिसिसची सोय झाली आणि वस्तीच्या दवाखान्याला पेशंट नेण्या-आणण्यासाठी चालक हवा झाला, तेव्हा दवाखान्याचं दार उघडायच्या आधी व्हर्ना पायरीवर बसलेली होती.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे अंधारात गाडी गरम करायची, दारोदार जाऊन माणसं उचलायची, गावात पोचवायची, यंत्रावरून उतरली की परत आणायची. थंडीत रस्ता काचेसारखा होतो, उन्हाळ्यात धूळ आणि अधूनमधून वणव्याचा धूर. पण व्हर्ना कधी कुरकुरली नाही. संध्याकाळी माणसं आपापल्या अंथरुणात झोपायला परत येतात, ह्याचंच तिला अजून नवल वाटायचं. घरी आली की ती गाडीच्या बोनेटवर हात ठेवून हळूच "तिनिकी" म्हणायची, म्हणजे आभार. गेराल्ड खिडकीतून बघायचा आणि चहा टाकायचा.

त्या वर्षी गाडीत तिघे होते. पुढच्या सीटवर फिलोमीन मोरिन, नवऱ्याच्या बरोबरीनं जाळी ओढत म्हातारी झालेली. तिला सगळी वस्ती कोकुम म्हणते, आजी. मागे आयझाया हॉलकेट, सगळ्यांचा मूशुम, म्हणजे आजोबा. टकलू, गप्पिष्ट, येताना नेहमी झोपणारा. त्याच्या शेजारी डेल्बर्ट मेरास्टी, वयानं जेमतेम चाळीस. हाच रस्ता सपाट करणारं मशीन तो चालवायचा, आजारानं ते काम सुटलं. तिघांत तोच तेवढा नव्या किडनीच्या यादीत होता. बाकी दोघांना डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवून कधीच वाटेला लावलं होतं.

रस्ता बराच वेळ एका मोठ्या सरोवराच्या काठानं जातो. जाताना घाई असते म्हणून थांबता येत नाही, येताना माणसं पिळून काढल्यासारखी झालेली असतात म्हणून थांबवत नाही. असं वर्षानुवर्षं ते पाणी खिडकीतून नुसतं मागे पडायचं.

जानेवारीतल्या एका बुधवारी, येताना, आयझाया मूशुम झोपेतून दचकून उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "जॅकफिश!"

"कुठे?" डेल्बर्टनं बाहेर पाहिलं. बाहेर पांढऱ्या बर्फाशिवाय काही नव्हतं.

"स्वप्नात होता. एवढा." मूशुमनं हात पसरले.

फिलोमीन कोकुमनं मान न वळवता आरशातून पाहिलं. "स्वप्नात फुकट मिळतो, तरी तुला एवढासाच मिळाला?"

डेल्बर्ट हसला. मग म्हणाला, "खरंच जाऊ या का आपण? बर्फ गेल्यावर?"

जरा वेळानं व्हर्नालाच जाणवलं की आपण मनात वार ठरवायला लागलोय.

वार शनिवारच हवा होता. शुक्रवारी रक्त साफ झालेलं, अंग हलकं झालेलं, आणि सोमवार लांब. दवाखान्याची गाडी सहलीला नेता येत नाही; पण व्हर्नाच्या पिकअपमध्ये चौघं मावत होती. एवढं ठरलं आणि तिथून बेताला जे पाय फुटले, ते फेब्रुवारी-मार्चभर गाडीत दुसरा विषय नाही.

पहिलं भांडण नावेवरून. मूशुमचं म्हणणं, "माझी ॲल्युमिनियमची नाव काढू. जॅकफिश नावेतून धरायचा असतो."

"जूनमध्ये तो काठाशी गवतात पडलेला असतो," कोकुम म्हणाली. "खडकावर उभं राहिलं की झालं. तुझी नाव मागच्या उन्हाळ्यात कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवली होतीस ना?"

"नाव पाणी धरते हे सिद्ध झालं की नाही मग?"

"आत धरते रे बाबा! आत!"

मूशुम हट्टाला पेटला. नाव न्यायचीच. गळाला लावायचा लाल-पांढरा चमचा, पत्र्याचा, पाण्यात फिरवला की घायाळ माशासारखा चमकणारा, तो मूशुम खिशात घेऊनच गाडीत बसायला लागला आणि रस्ताभर शर्टाला घासून चकाकवायला लागला. कोकुम म्हणाली, "एवढी मेहनत कशाला? टोपी काढून तूच पाण्यात वाक. तेवढ्यानंच येतील."

डेल्बर्टनं तारेचे तुकडे वळायचं काम अंगावर घेतलं. जॅकफिशचे दात दोरा कचकन कापतात, म्हणून चमच्याच्या वर वीतभर तार लागते. यंत्रावर पडल्यापडल्या एका हातानं त्याला ते जमेना, म्हणून रात्री घरी बसून करायचा. दर सोमवारी नवे दोन-तीन आणून दाखवायचा.

जेवणाचं सगळ्यात अवघड. तिघांना मीठ वर्ज्य, बटाटा बेतानं, पाणी तर मोजून. चहा प्यायला की तेवढं पाणी कमी. व्हर्नानं डायलिसिस युनिटमधल्या नर्सला विचारलं. मारिसेल नावाची ती नर्स फिलिपाइन्सची, बुटकी, चटपटीत, सगळ्यांना दरडावून प्रेम करणारी.

"बटाटे आदल्या दिवशी चिरून उकडायचे, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचे, म्हणजे त्यातलं पोटॅशियम जातं," मारिसेल म्हणाली. "मासा प्रत्येकी तळहाताएवढा. आणि सुई लावतो त्या हातानं मासा ओढायचा नाही. ऐकलंत का, आजोबा?"

"आणि मासाच मला ओढत असेल तर?"

"तर त्याला सांगा, मला नर्सनं मनाई केलीय." मग ती व्हर्नाच्या कानाशी आली. "डोकी टाकू नका हं. मला आणा. आम्ही आंबट सूप करतो त्याचं."

सगळ्यात मोठी अडचण डेल्बर्टची होती आणि ती त्यानंच सांगितली, एप्रिलमध्ये, खाली बघत. "माझा फोन लागला पाहिजे. यादीतला माणूस कधीही सापडायला हवा. सरोवरावर फोन लागत नाही."

कोकुमच्या मनात जागा पक्की होती: रस्ता सोडून आत, ओढा सरोवराला मिळतो ती खाडी, जिथे तिच्या नवऱ्यानं लाकडी झोपडी बांधली होती. तिथे मासे जाळ्यात यायला रांग लावायचे, असं ती सांगायची. पण तिनं क्षणभरही वाद घातला नाही. "मग टॉवरच्या टेकडीखाली बसू," ती म्हणाली. "तिथले मासे रोडके असतात, पण फोन धष्टपुष्ट लागतो."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ फुटला. जूनचा पहिला शनिवार ठरला. व्हर्नानं पीठ, चरबीचा डबा, लोखंडी तवा, डासांचं मलम असं सगळं एका खोक्यात भरून दाराशी ठेवलं.

आणि शनिवारला आठवडा असताना, भल्या पहाटे डेल्बर्टचा फोन आला. "मावशी," एवढंच दोनदा म्हणाला. मग, "किडनी आहे म्हणतात. गावच्या धावपट्टीवर विमान पाठवताहेत."

व्हर्ना पायात बूट घालतानाच धावत सुटली. अंगात घरातला झगा, वर गेराल्डचा कोट. डेल्बर्टला घेतलं आणि तोच रस्ता, तीच वळणं. डेल्बर्ट कितीतरी वेळ नुसता बाहेर बघत होता. सरोवरावर काठाकाठानं बर्फाचे शेवटचे तुकडे तरंगत होते.

"मावशी, कुणीतरी गेलंय," तो म्हणाला. "मला काल रात्री गाढ झोप लागली होती, आणि तिकडे कुणीतरी..."

"हो," व्हर्ना म्हणाली. दोन वळणं मागे पडली. मग म्हणाली, "त्या माणसाच्या घरच्यांनी रडता रडता हो म्हटलं असेल बघ. आपण त्यांचं नावही जाणत नाही."

"मी काय करू त्यांच्यासाठी?"

"जग. नीट जग. औषध चुकवू नकोस."

धावपट्टीवर उतरताना त्यानं खिशातून पत्र्याची डबी काढून तिच्या हातात दिली. आत वळलेल्या तारा होत्या. "बेत मोडायचा नाही. मोडलात तर मी परत आल्यावर तुमच्याशी बोलणार नाही." विमान उडून ठिपका झालं तरी व्हर्ना तिथेच उभी होती, झगा वाऱ्यावर फडफडत.

सोमवारी गाडीत एक सीट रिकामी. ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला होता, आनंद होताच. पण कोकुम सारखी आरशातून त्या सीटकडे बघत होती. मग तीच म्हणाली, "खरं सांगू? मला हेवा वाटला. शनिवारी रात्रभर वाटला. माझ्याच पोटच्या पोरासारखा आहे तो, तरी वाटला."

"मला अजून वाटतोय," मागून मूशुम म्हणाला.

"माझा काल सकाळी गेला. चहाचा एक कप पुढ्यात घेऊन बसले आणि म्हटलं, फिलोमीन, तुला ह्या वयात व्हर्नासारखी पोरगी दारात न्यायला येते, संध्याकाळी घरी सोडते. आणखी काय हवंय?"

व्हर्नानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. तिला समोरचं जरा धूसर दिसत होतं, आणि काच तर स्वच्छ होती.

बुधवारी डेल्बर्टचा फोन आला. व्हर्नानं युनिटच्या दारात तो सगळ्यांना ऐकवला. "मला पाणी प्यायला लावताहेत!" तो ओरडत होता. "पी म्हणतात, आणखी पी! पेल्यावर पेले! मी नको म्हणतोय आणि त्या बायका ऐकत नाहीत!"

मूशुमनं ओठांवरून जीभ फिरवली. "निर्लज्ज माणूस," तो म्हणाला. "आम्हाला फोन करून सांगतोय." आणि मग त्यालाच हसू फुटलं. मारिसेलसकट सगळे हसत सुटले.

परतीच्या वाटेत कोकुम एकदम सरळ बसली. "व्हर्ना, आता टॉवर कशाला हवाय गं आपल्याला?"

खरंच की. डेल्बर्टचा फोन वाजून गेला होता. आता कुठेही जायला मोकळीक होती.

शनिवारी तिघं कोकुमच्या खाडीवर पोचली. आतला रस्ता निम्मा झुडपांनी खाल्लेला. व्हर्नानं खाली उतरून दोनदा आडवी झाडं ओढून काढली. झोपडीचं छप्पर बसलं होतं. कोकुमनं तिच्याकडे एकदा पाहिलं, "बरं," म्हणाली आणि थेट पाण्याकडे गेली. तिथे वाकून तिनं रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडली. कुजबुजत बोलत होती, पण व्हर्नाला ऐकू आलं. आधी तिनं सरोवराचे आभार मानले, मग माशांचे. मग म्हणाली, "आणि ते जे कुणी माणूस आमच्या पोराला आपलं देऊन गेलं, त्याला वाट सोपी जाऊ दे. त्याच्या माणसांना जेवण गोड लागू दे पुन्हा."

मूशुमनं टोपी काढून हातात धरली होती. ह्या वेळी कोकुम त्याच्या टकलावर काही बोलली नाही.

नाव आणली होतीच. पाण्यात घालताच दोन ठिकाणांहून आत कारंजी उडाली. चिकटपट्टी लावून, फडकी कोंबून ती कशीबशी तरंगती झाली, पण काठ सोडायला व्हर्नानं साफ मनाई केली. मूशुम ऐकेना. शेवटी तडजोड अशी निघाली की नाव काठावरच्या झाडाला लांब दोरानं बांधायची आणि मूशुमनं त्यात बसायचं.

"बांधलेल्या नावेत बसलाय!" कोकुम खडकावरून ओरडली. "अरे, पाटावर बसलास तरी चाललं असतं!"

"नावेतून धरणार म्हणालो होतो, नावेतून धरणार."

कोकुमला पहिल्याच काही फेकींत दोन मिळाले, मध्यम, तव्यात मावतील असे. मूशुमला गवत मिळालं. मग आणखी गवत. मग तो काहीतरी पुटपुटत चमचा गुंडाळत असताना त्याच्या गळाची काठी अशी वाकली की टोक पाण्यात बुडालं, आणि नाव हलली. नाव चक्क चालायला लागली. दोर ताणला जाईपर्यंत ती खाडीत गेली, तिथून अर्धवर्तुळ घेत डावीकडे, मग उजवीकडे, आणि आत मूशुम दोन्ही पाय फाकवून बसलेला.

"तो हात नाही! मूशुम, तो हात नाही!" व्हर्ना ओरडली.

"सोडू काय मग? अगं, हा मला गावाला न्यायला निघालाय!"

व्हर्ना होती तशी पाण्यात शिरली. मांडीपर्यंत पाणी, आणि ते कसलं थंड. तिनं एका हातानं दोर ओढून नाव जवळ आणली, मूशुमच्या हातातला गळ घेतला. किती वर्षांनी तिच्या हातात गळ आला होता! पलीकडे ते आंधळं, रागीट ओझं होतं, आणि त्याचा प्रत्येक झटका खांद्यापर्यंत येत होता. तिनं दोरा सोडला, ओढला, पुन्हा सोडला. शेवटी मासा बाजूला येऊन आडवा झाला. व्हर्नाच्या अख्ख्या पायाएवढा लांब असेल. कल्ल्यांची उघडझाप करत, सोनेरी डोळ्यानं वर बघत.

डेल्बर्टनं वळलेली तार दातांनी खरवडून गेली होती, तुटली मात्र नव्हती.

तिघंही वाकून बघत राहिली. मग मूशुम म्हणाला, "मादी आहे. म्हातारी आहे." जरा थांबून, "जाऊ दे तिला. आपल्याला तळहाताएवढाच लागतो."

"शहाणा झालास की," कोकुम हळूच म्हणाली.

व्हर्नानं पक्कडीनं चमचा काढला, माशाला दोन्ही हातांवर धरून पाण्यात उभी राहिली. मासा जरा वेळ तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून तिचं तोंड भिजवून गेला.

कोकुमनं ते दोन मासे असे साफ केले की काटा दिसला नाही. पीठ लावून तव्यात चरबीत तळले, दोनदा उकडलेले बटाटे शेजारी परतले. मीठ नाही, पण भूक अशी लागलेली की कुणाला आठवलंही नाही. उरलेले तुकडे एका भांड्यात घालून तिनं उकळत ठेवले. त्याचा वास सुटला तशी व्हर्ना ओल्या पँटनिशी भांड्याजवळ सरकली. चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला हेच हवं होतं.

म्हाताऱ्यांनी चमचा-चमचाच चाखलं. पाण्याचा हिशेब सुटत नाही. बाकीचं भांडं कोकुमनं व्हर्नाच्या पुढे केलं. "पी सगळं. आमच्या वाटणीचंही तूच पी. आम्हाला बघू दे."

व्हर्ना प्यायली. ते दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते, पोर पहिला घास खाताना बघावं तसे. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिनं भांडं खाली ठेवलं नाही.

"तिखट झालंय का?" मूशुमनं विचारलं.

"मिरीच नाही त्यात," कोकुम म्हणाली. "गप्प बस तू."

मारिसेलच्या वाट्याची डोकी बर्फाच्या डब्यात बांधून ती संध्याकाळी निघाली. नाव तिथेच राहिली. मूशुमचं म्हणणं, तिला आता विश्रांती हवी.

उन्हाळा सरला. डेल्बर्ट अजून शहरातच होता, तपासण्या चालू होत्या. गालांवर मांस चढल्याचे फोटो पाठवायचा. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी व्हर्नाच्या गाडीच्या यादीत एक नवं नाव आलं. क्लारा व्हेन, पलीकडच्या वस्तीतली, पन्नाशीची. पहिलाच दिवस. बाई पिशवी छातीशी घट्ट धरून मागे बसली. सरोवर आलं तशी तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि हळूच डोळे पुसले.

कोकुमनं आरशातून सगळं पाहिलं होतं. बराच वेळ तिनं क्लाराला रडू दिलं. मग विचारलं, "काय गं, तुला बर्फाला भोक पाडून मासे धरता येतात का?"

क्लारा गोंधळली. "लहानपणी धरायचो. का?"

"मार्चमध्ये शनिवारी जायचं आहे. मीठ नाही, चहा एकच कप. शेगडी व्हर्ना आणते. आणि हा टकलू येणारच, त्याला काही इलाज नाही."

"मी भोक पाडणार," मूशुम म्हणाला.

"तू बसणार," कोकुम म्हणाली.

क्लारानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पिशवी तिनं छातीपासून काढून बाजूच्या सीटवर ठेवली. "माझ्याकडे भोक पाडायचं चांगलं गिरमिट आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाचं. पण धार लावावी लागेल."

"लावू की," व्हर्ना म्हणाली आणि पुढच्या वळणासाठी गाडीचा वेग कमी केला.